सोयाबीन आणि मोठ्या आंतड्याचा कर्करोग

१९३५ सालीं महात्मा गांधींनीं ‘हरिजन’ पत्रांतून सोयाबीनच्या गुणांची चर्चा केली, आणि वर्ध्याच्या मगनवाडींत राहणाऱ्यांच्या जेवणांत या नव्या धान्याचा प्रयोगही करून पाहण्यांत आला. त्या वेळीं प्रश्न पोषणाचा होता. गरिबाच्या ताटांत स्वस्तांत स्वस्त प्रथिन कोणत्या वाटेनें येईल हें शोधतां शोधतां दृष्टि या चिनी शेंगेकडे वळली होती. पुढें तीस-पस्तीस वर्षांनीं सोयाबीन आपल्या देशांत व्यापारी पीक म्हणून रुजलें, आणि आज माळव्याप्रमाणेंच विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या जमिनींतही तें खरिपाचें एक प्रमुख पीक होऊन बसलें आहे.

आतां मात्र याच दाण्याविषयीं निराळी चर्चा ऐकूं येते. सोयाबीनमध्यें कर्करोगाला, विशेषतः मोठ्या आंतड्याच्या कर्करोगाला, अटकाव करणारीं द्रव्यें आहेत असें म्हटलें जातें. औषधांच्या दुकानांत त्यांपैकीं कांहीं द्रव्यांच्या गोळ्याही मिळतात. या म्हणण्यांत तथ्य किती, आणि तें कितपत सिद्ध झालें आहे, हें जाणून घेणें प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाला अगत्याचें आहे. कारण येथें चूक दोन्ही बाजूंनीं होऊं शकते. चांगल्या अन्नाला उगाच नाकारणें ही एक चूक. आणि अन्नालाच औषध समजून खऱ्या औषधाची वेळ दवडणें ही दुसरी, व पहिलीहून फार महागांत पडणारी.

प्रथम रोगाचें स्वरूप पाहिलें पाहिजे. मोठें आंतडें म्हणजे सुमारें पांच फूट लांबीची नळी. लहान आंतड्यांत अन्नाचें सार शोषलें गेल्यावर उरलेला चोथा येथें येतो. त्यांतलें पाणी शोषलें जातें आणि बाकीचा भाग मळ म्हणून बाहेर पडतो. या नळीचें आंतलें अस्तर नुसत्या डोळ्यांना गुळगुळीत दिसतें, परंतु सूक्ष्मदर्शकाखालीं त्यांत लक्षावधि बारीक विहिरी आढळतात. प्रत्येक विहिरीच्या तळाशीं नव्या पेशी जन्माला येतात, हळूहळू काठाकडे सरकतात आणि चार-पांच दिवसांत झडून जातात. एवढ्या वेगानें एवढ्या पेशींची नक्कल होत असतां कोठें तरी अक्षर चुकणारच. बहुतेक चुका शरीर स्वतःच दुरुस्त करतें, किंवा बिघडलेली पेशी आपोआप मरून जाते. परंतु कधीं कधीं पेशीच्या वाढीला लगाम घालणाऱ्या जनुकांतच बिघाड होतो. अशा जनुकांपैकीं एपीसी नांवाचें एक महत्त्वाचें जनुक १९९१ सालीं ओळखलें गेलें. लगाम सुटलेल्या पेशींचा एक लहानसा कोंब अस्तरावर उगवतो. त्याला डॉक्टर पॉलिप म्हणतात. बरेचसे पॉलिप निरुपद्रवीच राहतात. कांहींत मात्र एकामागून एक आणखी बिघाड सांचत जातात, आणि बहुधा दहा वर्षांच्या किंवा त्याहूनही अधिक काळानें त्यांचा कर्करोग बनतो.

२०२० सालीं जगभर सुमारें १९ लक्ष लोकांना मोठ्या आंतड्याचा व गुदाशयाचा कर्करोग झाल्याचें आढळलें, आणि ९ लक्षांहून अधिक लोक त्यानें दगावले. हे आंकडे भयंकर आहेत खरे. परंतु कोंब उगवण्यापासून कर्करोग होण्यापर्यंत जो दीर्घ अवधि जातो, त्यांत आशेलाही जागा आहे. या अवधींत रोगाची वाट अडवितां आली तर रोग होणारच नाहीं. शिवाय मोठें आंतडें हें असें इंद्रिय आहे कीं, जेवणांतलीं न पचलेलीं द्रव्यें त्याच्या अस्तराला प्रत्यक्ष जाऊन भिडतात. म्हणून अन्नांतील एखादें द्रव्य ही वाट अडवूं शकेल काय, हा प्रश्न शास्त्रज्ञांनीं याच रोगाविषयीं विशेष आस्थेनें विचारला आहे.

सोयाबीनच्या दाण्यांत सुमारें चाळीस टक्के प्रथिन आणि वीस टक्के तेल असतें. याखेरीज त्यांत अल्प प्रमाणांत अशीं कित्येक द्रव्यें असतात कीं, जीं त्या वनस्पतीनें स्वतःच्या गरजेसाठीं निर्माण केलेलीं असतात. कांहींनीं ती कीटकांचा व बुरशीचा प्रतिकार करते. कांहीं द्रव्यें तिच्या मुळांतून मातींत पाझरतात आणि हवेंतील नत्र बांधून देणाऱ्या जीवाणूंना जणूं आमंत्रण देतात. माणसाच्या आंतड्याची काळजी वाहण्यासाठीं यांपैकीं एकही द्रव्य जन्माला आलेलें नाहीं, हें पुढील सर्व विवेचनांत ध्यानांत ठेवावयास हवें. माणसाच्या शरीरांत त्यांचा परिणाम झाला तर तो योगायोगाचा. आणि तो इष्टच असेल असा भरंवसा आधीं देतां येत नाहीं.

या द्रव्यांपैकीं पहिलें म्हणजे प्रथिनाच्या पचनांत अडथळा आणणारें एक लहान प्रथिन. १९१७ सालीं ऑस्बॉर्न आणि मेंडेल या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं, कच्च्या सोयाबीनवर ठेवलेले उंदीर वाढत नाहींत, तेच शिजविलेल्या सोयाबीनवर चांगले वाढतात. कच्च्या दाण्यांत कांहीं तरी अपायकारक असून शिजविल्यानें तें नाहींसें होतें, हें यावरून उघड झालें. पुढें १९४५ सालीं कुनिट्झ यांनीं त्या दाण्यांतून ट्रिप्सिन या पाचक द्रव्याला जखडून टाकणारें एक प्रथिन स्फटिकरूपानें वेगळें केलें. लगेच १९४६ सालीं बाउमन यांनीं दुसरें एक तशाच जातीचें प्रथिन शोधून काढलें. इस्रायलमधील विदुषी येहुदित बर्क यांनीं १९६० नंतरच्या काळांत तें शुद्ध स्वरूपांत मिळवून त्याचा बारकाईनें अभ्यास केला, म्हणून त्याला बाउमन-बर्क रोधक असें नांव पडलें. हें प्रथिन अवघ्या ७१ अमिनो आम्लांचें आहे. परंतु त्याला सात ठिकाणीं गंधकाचे टांके घातलेले असल्यामुळें तें मोठें चिवट असतें. त्याला जणूं दोन तोंडें आहेत: एकानें तें ट्रिप्सिनला धरतें आणि दुसऱ्यानें कायमोट्रिप्सिन या तशाच दुसऱ्या पाचक द्रव्याला.

आहारशास्त्राच्या दृष्टीनें जो दोष, तोच कर्करोगाच्या अभ्यासकांना गुण वाटूं लागला. प्रथिनें तोडणारीं द्रव्यें केवळ पोटांतच असतात असें नाहीं. सूज आलेल्या जागीं तीं विपुल सांपडतात, आणि कर्करोगाच्या पेशी शेजारच्या मांसांत घुसतांना त्यांचाच उपयोग करतात. तेव्हां त्यांना अडविणारें द्रव्य रोगालाही अडवील, असें अनुमान निघालें. अमेरिकेंत ॲन केनेडी आणि त्यांचे सहकारी यांनीं उंदरांवर प्रयोग केले. मोठ्या आंतड्याचा कर्करोग हटकून उत्पन्न करणारें रसायन दिलेल्या उंदरांना हा रोधक चारला असतां त्यांच्यांत गांठी कमी झाल्या. पुढें माणसांवरही परीक्षा झाल्या. आंतड्याला दीर्घकाळ सूज व व्रण असलेल्या २८ रोग्यांवर झालेल्या एका लहानशा परीक्षेचा वृत्तांत २००८ सालीं प्रसिद्ध झाला, व तींत थोडी सुधारणा दिसल्यासारखी वाटली. परंतु तोंडांतील पांढऱ्या चट्ट्यांवर, जे कर्करोगाचे पूर्वचिन्ह मानले जातात, केलेल्या मोठ्या परीक्षेंत हा रोधक आणि नुसतें लटकें औषध यांच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाहीं. शिवाय एक अडचण राहतेच. सोयाबीन नीट शिजविलें कीं या रोधकाचा बराचसा नाश होतो. आणि तें न शिजवितां खाणें हा तर पोटाला अपाय. म्हणजे घरच्या जेवणांतून हा गुण पदरांत पाडून घेण्याची वाट फारच अरुंद आहे.

दुसरा वर्ग आयसोफ्लेव्होन या संयुगांचा. सोयाबीनची जी कीर्ति आज पसरली आहे ती मुख्यतः यांच्यामुळें. त्यांत जेनिस्टीन आणि डेडझीन हीं दोन प्रमुख होत. जेनिस्टीन पहिल्यानें १८९९ सालीं सांपडलें, तें सोयाबीनमध्यें नव्हे, तर युरोपांत पिवळा रंग काढण्यासाठीं वापरल्या जाणाऱ्या एका झुडुपांत. या वर्गाच्या सामर्थ्याची खरी ओळख मात्र मेंढ्यांनीं करून दिली. पश्चिम ऑस्ट्रेलियांत १९४० नंतरच्या वर्षांत एका जातीच्या क्लोव्हर गवतावर चरणाऱ्या मेंढ्या वांझ होऊं लागल्या. १९४६ सालीं तेथील पशुवैद्यांनीं या विकाराचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्या गवतांत याच वर्गांतील द्रव्य भरपूर असतें. मेंढीच्या पोटांत त्याचें रूपांतर होऊन जें द्रव्य तयार होतें, तें स्त्रीच्या शरीरांतील ईस्ट्रोजेन या संप्रेरकासारखें काम करतें. ज्या वनस्पतिद्रव्याला आज आरोग्यदायी म्हणून गौरविलें जातें, त्याच्या कुळाची पहिली ख्याति अशी कळपच्या कळप निपुत्रिक करणारी होती.

ईस्ट्रोजेनशीं असलेलें हेंच साम्य आंतड्याच्या बाबतींत उपकारक ठरेल काय? तसें मानण्यास आधार आहे. शरीराच्या पेशींत या संप्रेरकाची खूण ओळखणारीं ग्राहकें दोन प्रकारचीं असतात. त्यांपैकीं बीटा नांवाचें ग्राहक मोठ्या आंतड्याच्या अस्तरांत प्रामुख्यानें आढळतें, आणि अस्तर कर्करोगाकडे झुकूं लागलें कीं तें कमी होत जातें. जेनिस्टीन नेमकें याच ग्राहकाला अधिक ओढीनें चिकटतें. अमेरिकेंत मासिक पाळी थांबलेल्या हजारों स्त्रियांना संप्रेरकें देऊन एक प्रचंड परीक्षा घेण्यांत आली होती. तिचे निष्कर्ष २००२ सालीं प्रसिद्ध झाले, तेव्हां संप्रेरकें घेणाऱ्या स्त्रियांत मोठ्या आंतड्याचा कर्करोग सुमारें ३७ टक्क्यांनीं कमी आढळला. त्याच परीक्षेंत स्तनाचा कर्करोग व हृदयविकार वाढल्याचेंही दिसून आलें, म्हणून ती परीक्षा मुदतीपूर्वींच थांबवावी लागली. जेनिस्टीनचा दुसरा गुण १९८७ सालीं जपानी संशोधकांनीं दाखविला. पेशीला ‘वाढ’ अशी आज्ञा पोंचविणारीं जीं टायरोसिन कायनेझ नांवाचीं विकरें आहेत, त्यांचें काम तें बंद पाडतें. आज कर्करोगावर वापरलीं जाणारीं कित्येक नवीं औषधें याच जातीच्या विकरांवर आघात करतात. त्यामुळें संशोधकांचें कुतूहल वाढलें यांत नवल नाहीं.

डेडझीनची कथा आणखी विलक्षण आहे. मोठ्या आंतड्यांतील कांहीं जीवाणू डेडझीनपासून इक्वॉल नांवाचें अधिक प्रभावी द्रव्य तयार करतात. हें द्रव्य प्रथम १९३२ सालीं गाभण घोडीच्या मूत्रांत सांपडलें, आणि पुढें पन्नास वर्षांनीं माणसाच्या मूत्रांतही ओळखलें गेलें. परंतु सर्वच माणसांच्या पोटांत हे जीवाणू नसतात. पाश्चात्य देशांतील प्रौढांपैकीं शेंकडा २५ ते ३० आणि जपान, चीन व कोरिया या देशांतील शेंकडा ५० ते ६० लोकांच्याच शरीरांत इक्वॉल तयार होतें. एकाच पंक्तीला बसून एकच पदार्थ खाणाऱ्या दोघांना त्याचें फळ सारखें मिळेल असें नाहीं, तें यामुळें.

तिसरा वर्ग स्निग्ध द्रव्यांचा असून त्याला स्फिंगोलिपिड म्हणतात. १८८४ सालीं थुडिकम या रसायनज्ञानें मेंदूंत सांपडलेल्या एका द्रव्याला, त्याचें गूढ उकलेना म्हणून, ग्रीक पुराणांतील कोडीं घालणाऱ्या स्फिंक्सचें नांव दिलें होतें. या वर्गांतील कांहीं द्रव्यें पेशीला वाढ थांबविण्याचा, प्रसंगीं मरण्याचा, हुकूम देतात. कांहीं उलट तिला जगवितात व वाढवितात. प्राण्यांच्या आणि सोयाबीनच्या स्फिंगोलिपिडांची रचना थोडी वेगळी असते. २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत सोयाबीनचीं हीं द्रव्यें चारलेल्या उंदरांच्या आंतड्यांत गांठी कमी झाल्या. २००९ सालीं कॅलिफोर्नियांतील संशोधकांनीं सोयाबीनमध्यें आढळणाऱ्या स्फिंगाडाइन या द्रव्यावर काम केलें. कांचपात्रांत वाढविलेल्या कर्करोगाच्या पेशी त्यानें मरतात, आणि जन्मतःच एपीसी जनुक बिघडलेल्या उंदरांत गांठींची संख्या त्यानें घटते, असें त्यांना आढळलें. याखेरीज लुनासिन नांवाचें ४३ अमिनो आम्लांचें एक चिमुकलें प्रथिनही सोयाबीनमध्यें आहे. कॅलिफोर्नियांतच काम करणाऱ्या दोन फिलिपिनो शास्त्रज्ञांनीं त्याचा कर्करोगाशीं असलेला संबंध पुढें आणला. त्यांच्या मातृभाषेंत ‘लुनास’ म्हणजे उतारा.

येथवरचा वृत्तांत ऐकून कोणालाही वाटेल कीं, प्रश्न जवळ जवळ सुटला. परंतु उंदराला आठवड्यांत रोग जडवून त्याला निवडक द्रव्य भरपूर चारणें निराळें, आणि माणसाला दहा-वीस वर्षांत हळूहळू जडणारा रोग जेवणानें टाळणें निराळें. कांचपात्रांतील पेशी मारण्यासाठीं जेनिस्टीनचें जेवढें तीव्र द्रावण बहुधा लागतें, तेवढें तें सोयाबीन नित्य खाणाऱ्याच्या रक्तांत कधींही चढत नाहीं. आणि जें चढतें त्याचा बहुतेक भाग यकृतानें निष्प्रभ करून टाकलेला असतो. आंतड्याच्या पोकळींत त्याचें प्रमाण अधिक असूं शकतें हें खरें. परंतु तेथेंही तें माणसामाणसागणिक बदलतें. म्हणून शेवटचा कौल माणसांच्या जीवनाचाच घ्यावा लागतो.

तो कौल दोन प्रकारांनीं घेतां येतो. पहिला प्रकार म्हणजे हजारों निरोगी माणसें काय खातात हें टिपून ठेवणें आणि पुढें त्यांतील कोणाला रोग होतो याची नोंद करणें. चीनमधील शांघाय शहरांत ६८,००० हून अधिक स्त्रियांची अशी पाहणी झाली. २००९ सालीं तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. सोयाबीनचे पदार्थ सर्वांत अधिक खाणाऱ्या तिसऱ्या हिश्शांतील स्त्रियांना हा कर्करोग होण्याचें प्रमाण, सर्वांत कमी खाणाऱ्या हिश्श्याच्या मानानें, सुमारें एक-तृतीयांशानें कमी होतें. आणि हा फरक मुख्यतः पाळी थांबलेल्या स्त्रियांत दिसून आला. २०१० सालीं अकरा अभ्यासांची एकत्र छाननी झाली, तींतही स्त्रियांत सुमारें २१ टक्के घट आढळली, पुरुषांत मात्र आढळली नाहीं. याच्या उलट जपानांत ८०,००० हून अधिक स्त्री-पुरुषांची जी पाहणी झाली, तिच्या २००८ सालच्या अहवालांत सोयाबीन खाणें आणि मोठ्या आंतड्याचा कर्करोग यांचा एकंदरींत कांहीं संबंध लागला नाहीं.

अशा पाहणींत एक मूलभूत अडचण असते. जी गृहिणी रोज टोफू रांधते, ती कदाचित् मांस कमी खाते, भाज्या अधिक खाते, वजनाला बेताची असते. मग श्रेय कोणाला द्यावयाचें? जपानचें उदाहरण येथें बोधप्रद आहे. एके काळीं तेथें हा रोग विरळा होता आणि पुष्कळांनीं त्याचें श्रेय सोयाबीनला दिलें. परंतु अमेरिकेंत जाऊन स्थायिक झालेल्या जपानी लोकांत एकाच पिढींत हा रोग वाढल्याचें १९६८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानें दाखविलें. आणि पुढें खुद्द जपानांतही, टोफू व मिसो घरोघरीं असतांना, त्याचें प्रमाण पाश्चात्य राष्ट्रांच्या बरोबरीस आलें. दुसरें उदाहरण आपल्याच देशाचें. मोठ्या आंतड्याच्या कर्करोगाचें प्रमाण जगांत जेथें कमी आहे अशा देशांत भारताची गणना होते. आणि सोयाबीन तर आपल्या आजोबा-पणजोबांच्या जेवणांत जवळ जवळ नव्हतेंच. ज्वारी-बाजरीची भाकरी, वरण, पालेभाजी व अंगमेहनत यांवर वाढलेल्या या समाजाला जें संरक्षण मिळालें, तें सोयाबीनचें खास नव्हे.

दुसरा प्रकार म्हणजे प्रत्यक्ष परीक्षा. अमेरिकेंत पूर्वीं पॉलिप काढून टाकलेल्या ५० ते ८० वर्षें वयाच्या १५० स्त्री-पुरुषांना एक वर्षभर सोयाबीनचें प्रथिन देण्यांत आलें. निम्म्यांच्या प्रथिनांत आयसोफ्लेव्होन होतीं. दुसऱ्या निम्म्यांच्या प्रथिनांतून तीं काढून टाकलीं होतीं. वर्षअखेर आंतड्याच्या अस्तराचे सूक्ष्म तुकडे तपासले. आयसोफ्लेव्होन घेणाऱ्यांत पेशींची वाढ मंदावली असेल अशी अपेक्षा होती. ती मंदावली नव्हती. आंतड्याच्या कांहीं भागांत तर किंचित् वाढलेलीच दिसली. २००५ सालीं हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. एका परीक्षेवरून अंतिम निर्णय करणें योग्य नव्हे. तरी गोळीनें लाभ होतोच असें म्हणण्याचा अधिकार या निष्कर्षानें उरत नाहीं, एवढें निश्चित.

अन्नांतील द्रव्य वेगळें काढून त्याची गोळी केली असतां काय होऊं शकतें, याचा कटु अनुभव वैद्यकाला एकदां आलेलाच आहे. भाज्या व फळें भरपूर खाणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग कमी दिसे, म्हणून गाजरांतील बीटा-कॅरोटीन हें त्याचें कारण असावें असें ठरलें. फिनलंडमध्यें २९,००० हून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर परीक्षा झाली. १९९४ सालीं निष्कर्ष हातीं आला तेव्हां बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत तो कर्करोग १८ टक्क्यांनीं अधिक आढळला. अमेरिकेंतील तशाच परीक्षेंत तो २८ टक्क्यांनीं अधिक निघाला, व १९९६ सालीं ती मध्येंच बंद करावी लागली. गाजर दोषी नव्हतें; गाजर आणि गोळी एकच आहेत असें मानणारें अनुमान दोषी होतें.

मग घरांत सोयाबीनचें स्थान काय असावें? तें चांगल्या कडधान्याचें असावें. त्याहून अधिक नव्हे आणि कमीही नव्हे. दाणे रात्रभर भिजवून नीट शिजवून केलेली उसळ, भाजून दळलेलें पीठ थोड्या प्रमाणांत कणकेंत मिसळून केलेली पोळी, सोयाबीनच्या वड्यांची भाजी किंवा टोफू, यांपासून उत्तम प्रथिन मिळतें. जपानी माणसाच्या पारंपरिक आहारांत दररोज सुमारें २५ ते ५० मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन जातात, आणि मूठभर दाण्यांत तेवढीं सहज असतात. मात्र सोयाबीनच्या शुद्ध केलेल्या तेलांत तीं जवळ जवळ नसतात. तेव्हां घरांत त्या तेलाची फोडणी पडते एवढ्यावरून सोयाबीनचे हे गुण पोटांत जातात असा समज कोणी करून घेऊं नये. ज्यांना या धान्याचें वावडें आहे त्यांनीं तें टाळावेंच. थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनीं गोळी आणि सोयाबीन एकाच वेळीं घेऊं नये, कारण त्यानें औषध नीट शोषलें जात नाहीं.

आंतड्याच्या रक्षणाच्या ज्या गोष्टी अधिक भक्कम पुराव्यानें सिद्ध झाल्या आहेत त्या जुन्याच आणि साध्या आहेत: कोंड्यासकट धान्य व तंतुमय अन्न, रोजचें चालणें-फिरणें, वजन आटोक्यांत ठेवणें, आणि मद्य व तंबाखू वर्ज्य करणें. डबाबंद व खारविलेल्या मांसाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१५ सालीं या कर्करोगाच्या निश्चित कारणांत घातलें. असें मांस रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास धोका सुमारें १८ टक्क्यांनीं वाढतो असा तिचा अंदाज आहे.

या सर्वांहून अधिक खात्रीचा उपाय स्वयंपाकघरांत नसून तपासणींत आहे. पॉलिप कर्करोग होण्यापूर्वींच दुर्बिणीनें दिसतो, आणि त्याच वेळीं काढतांही येतो. शौचांत डोळ्यांना न दिसणारें रक्त ओळखण्याची साधी परीक्षाही उपलब्ध आहे. अमेरिकेंतील तज्ज्ञमंडळानें २०२१ सालीं अशी तपासणी ४५ व्या वर्षापासून सुरू करावी असा सल्ला दिला. आपल्याकडे निदान ज्यांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना हा रोग झाला असेल, त्यांनीं लवकरच डॉक्टरांचा विचार घ्यावा.

आपल्या घरांत शौचावाटे रक्त पडूं लागलें कीं ‘मूळव्याध असेल’ म्हणून तें झांकून ठेवण्याची रीत आहे. घरांतल्या वडील माणसाला संकोच वाटतो, सुनेला बोलण्याची चोरी होते, आणि महिने निघून जातात. पुष्कळदां ती मूळव्याधच असते. परंतु ती आहे कीं नाहीं हें अनुमानानें ठरविण्याची गोष्ट नव्हे. शौचाच्या संवयींत झालेला व टिकून राहिलेला बदल, कारण न समजतां घटणारें वजन, वाढत जाणारा फिकेपणा, हीं चिन्हें दिसतांच तपासून घेतलें पाहिजे. रोग लवकर हातीं लागला तर शस्त्रक्रियेनें तो बहुतेक समूळ जातो; उशिरां लागला तर फारसा इलाज उरत नाहीं.

प्रयोगशाळांतून सोयाबीनच्या द्रव्यांवर अजूनही काम चालू आहे, आणि त्यांतून एखादें खरें औषध पुढेंमागें निघणें अशक्य नाहीं. तोंवर सोयाबीनची उसळ आनंदानें खावी, आणि घरांत कोणी रक्त पडल्याचें दबल्या आवाजांत सांगितलें, तर त्याला दुसऱ्याच दिवशीं डॉक्टरांकडे घेऊन जावें.